आधी कुठला बोल्ट

"पाटणकर, हा घ्या अजून एक," असं म्हणून इनामदार मॅडमनी पंप माझ्या टेबलावर ठेवला. झाकणाच्या कडेनं हिरवं कूलंट ओघळत होतं. मी माझा चहाचा कप तेवढा बाजूला घेतला.

"त्याच जागी?" मी विचारलं.

"त्याच जागी. शनिवारपर्यंत तुमच्या कंपनीचा रिपोर्ट आला नाही तर मला तुमचा माल थांबवावा लागेल. मलाही वर उत्तर द्यायचंय."

इनामदार मॅडम चाकणच्या इंजिन कारखान्यात क्वालिटी सांभाळायच्या. मी त्यांचा नोकर नव्हतो. मी भोसरीच्या एका कंपनीचा माणूस, आणि आमची कंपनी त्यांच्या इंजिनांसाठी पाण्याचे पंप बनवायची. विहिरीवरचे पंप नव्हेत. इंजिन तापू नये म्हणून त्याच्या पोटात सतत पाणी फिरवत ठेवतात ते. आमच्या मालाबद्दल काही तक्रार आली की ती ऐकून घ्यायला आमचा एक माणूस कायम त्यांच्याकडे बसलेला असे. तो मी. या हुद्द्याला रेसिडेंट इंजिनिअर म्हणतात.

नाव भारदस्त आहे, पण हा माणूस ना इकडचा ना तिकडचा. चाकणला मला नारिंगी जाकीट घालावं लागे, म्हणजे लांबूनच कळावं की हा बाहेरचा आहे. कँटीनमध्ये आधी त्यांचे कामगार जेवायचे, मग स्टाफ, आणि सगळे उठल्यावर आम्ही जाकीटवाले. कधी भोसरीला स्वतःच्या कंपनीत गेलो तर तिथंही माझी खुर्ची राहिली नव्हती. एकदा गेटवरच्या नव्या वॉचमननं मला व्हिजिटर म्हणून सही करायला लावली. मी मुकाट्यानं केली. वाद कुणाशी घालायचा आणि कशासाठी?

घरीही फार वेगळं नव्हतं. माझा आकुर्डीत फ्लॅट आहे. बायको, नीला, कोकणात एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला गणित शिकवते. लग्न झालं तेव्हा "बदलीचं बघू" असं ठरलं होतं, ते आम्ही अजून बघतोच आहोत. सुट्ट्यांपुरता आमचा संसार. बाकीचे दिवस मी तळवडे-महाळुंगे रस्त्यानं चाकणला जातो, लोकांची बोलणी खातो आणि परत येऊन कुलूप उघडतो. या नोकरीत मला सगळ्यात जास्त काय मिळालं असेल तर एकटेपणा, आणि त्याची सवय होते म्हणणारे खोटं बोलतात.

असो. पंपाकडे वळू.

पंपाचं एक धड असतं आणि त्यावर एक गोल झाकण. दोघांच्या मध्ये गॅस्केट, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून घातलेली पातळ चकती. कुकरच्या झाकणातली रिंग जे काम करते तेच हिचं काम. झाकण सहा बोल्टांनी आवळतात. घड्याळात बारा, दोन, चार, सहा, आठ आणि दहा जिथे असतात तिथे एकेक बोल्ट. प्रत्येक बोल्ट ठराविक जोरानं आवळायचा. तो जोर आला की पाना 'कट' असा आवाज करतो. मग पंपात हवा भरून गळती तपासतात आणि माल गाडीत चढतो.

आमच्याकडे सगळे पंप ही परीक्षा पास होत होते. गळायचे ते चाकणला, इंजिन चालवून गरम केल्यावर. तेही सगळे नाही, काहीच. आणि प्रत्येक वेळी जागा एकच. झाकणाच्या एका बाजूला पाणी बाहेर पडायचं तोंड आहे, त्याच्याजवळ.

भोसरीला शोध सुरू झाला होता. आमचे प्लांट हेड सावंत साहेब. माणूस वाईट नाही, पण घाईचा. त्यांनी यादी केली. गॅस्केट दोन सप्लायरकडून येतं. धडाचं कास्टिंग, म्हणजे ओतकाम, तीन बॅचचं होतं. बोल्टांचे दोन लॉट. झाकण बसवणारे ऑपरेटर दोन, एका शिफ्टला एक. दोन गुणिले तीन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे चोवीस जोडण्या. कुठलंही गॅस्केट, कुठलंही कास्टिंग, कुठलाही बोल्ट, कुणाचाही हात. या चोवीसांपैकी कुठल्या गळतात ते त्यांनी तपासलं. उत्तर सरळ निघालं. गॅस्केट कुठलंही असो, कास्टिंग कुठलंही असो, गळणारे सगळे पंप एकाच हातचे होते.

तो हात सुवर्णाचा. ती कॉन्ट्रॅक्टवरची ऑपरेटर, परभणीकडची. शिफ्ट आठवड्याला बदलायची, तर गळतीही तिच्यामागोमाग शिफ्ट बदलायची. दुसरा ऑपरेटर दत्ताभाऊ. तो राजगुरुनगरकडचा, आमचा जुना कायम कामगार. त्याचा एकही पंप गळला नव्हता.

"क्लिअर केस आहे," सावंत साहेब मला फोनवर म्हणाले. "ऑपरेटर एरर. पोरगी नीट आवळत नाही. रिपोर्टमध्ये तेच टाकू."

रिपोर्ट जाईपर्यंत चाकणच्या स्टोअरमध्ये पडलेले आमचे सगळे पंप तपासून संशयित वेगळे करणं भाग होतं. त्याला सॉर्टिंग म्हणतात. हे काम ज्याचा माल त्यानं करायचं. सावंत साहेबांनी त्यासाठी सुवर्णालाच पाठवलं. यात थोडी शिक्षाही होती. आपण केलेली घाण आपणच निस्तर, असा भाव.

ती आली, गेटवर तिलाही नारिंगी जाकीट मिळालं. पंचविशीच्या आतबाहेरची असेल. स्टोअरच्या कोपऱ्यात बसून एकेक पंप उचलायची, झाकणावरचा आपला शिक्का बघायची आणि लाल ट्रेमध्ये ठेवायची. कुणाशी बोलायची नाही. जेवायला आम्ही दोघं शेवटी गेलो. एवढ्या मोठ्या कँटीनमध्ये पुसलेल्या टेबलांच्या मधोमध आम्ही दोनच माणसं.

"रूम कुठं आहे?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"निघोजेला सर. आमी तिघी राहतो. म्हणजे राहत होतो. आता त्या दोघी माझ्याशी बोलत न्हाईत."

"का?"

"त्या पण लाइनवरच हायेत. माझ्यामुळं सगळ्यांचा ओव्हरटाइम बंद झाला म्हणायलेत."

ती बराच वेळ पोळीचे तुकडे करत राहिली. मग म्हणाली, "सर, एक विचारू? तुमी मोठ्या साहेबांना सांगता का, मी नंबर बघूनच आवळते म्हणून? शिकवलं तसंच करते. एक पण नंबर सोडत न्हाई. पान्याचा आवाज ऐकल्याबिगर पुढं जात न्हाई."

"सांगतो," मी म्हणालो.

"मला भावानं एक वर्ष दिलंय. कंपनीच्या रोलवर आलीस, कायम झालीस, तर राहा तिकडं, न्हाई तर घरी यायचं. दिवाळीनंतर माझं नाव लागणार होतं यादीत."

हे तिनं रडून वगैरे सांगितलं नाही. शिफ्टची वेळ सांगावी तसं सांगितलं. तिचं वर्ष आता आमच्या शनिवारच्या रिपोर्टवर येऊन ठेपलं होतं.

दुपारी मी इंजिनांवरून परत आलेले गळके पंप ओळीनं मांडून बसलो. प्रत्येकाची गळायची जागा खडूनं खूण करून पाहिली. सगळ्या खुणा तोंडाजवळ. आणि तिथंच मला खटकलं. माणूस निष्काळजी असेल तर कधी हा बोल्ट ढिला राहील, कधी तो. निष्काळजीपणाला ठरलेला पत्ता नसतो. शिवाय मी बोल्ट तपासले तर सहाच्या सहा व्यवस्थित आवळलेले. जोर बरोबर, बोल्ट बरोबर, गॅस्केट बरोबर. मग बिघडलं काय?

सावंत साहेबांच्या चोवीस जोडण्यांत एक प्रश्न आलाच नव्हता. काय काय घेतलं ते त्यांनी मोजलं. कुठल्या क्रमानं लावलं ते मोजलं नाही.

या दोन गोष्टी वेगळ्या असतात. चाकण चौकात शेअर रिक्षात तीन माणसं बसली. कोण तिघं बसली, ही झाली निवड. त्यातला कोण आधी चढला आणि आत सरकला, कोण शेवटी चढून अर्धा बाहेर लटकला, ही झाली मांडणी. माणसं तीच, भाडंही तेच, पण शेवटी चढणाऱ्याला विचारा प्रवास कसा झाला. गणितात निवडीला कॉम्बिनेशन म्हणतात आणि मांडणीला परम्युटेशन. बोल्टांचंही तसंच आहे. सहा बोल्ट तेच, जोर तोच, पण आधी कुठला आवळला यावर गॅस्केट कसं बसतं ते ठरतं.

मी सावंत साहेबांना फोन लावला.

"साहेब, मला वाटतं आवळण्याचा क्रम चुकतोय."

"मग तेच म्हणतोय ना मी. ती चुकतेय."

"ती म्हणते नंबरप्रमाणेच आवळते. एकदा तिला स्टेशनवर उभं करून मला बघू द्या."

"पाटणकर, प्रत्येक चुकणारा तेच म्हणतो. तुम्हाला क्रमाचा संशय आहे ना? मग सगळे क्रम ट्राय करा तिकडंच आणि सांगा मला. सोमवारी बघू तिचं."

सगळे क्रम म्हणे. बोलायला काय जातं.

संध्याकाळी घरी आलो, कुकर लावला आणि नीलाला फोन केला.

"सहा वस्तू क्रमानं लावायच्या तर किती प्रकार?"

"सातशे वीस," ती म्हणाली. "सहा गुणिले पाच गुणिले चार, असं खाली एकपर्यंत. हे विचारायला फोन केलात? इंजिनिअर ना तुम्ही?"

सातशे वीस मला येत होतं. दिवसभराचं कुणाला तरी सांगायचं होतं, आणि नुसतं तेवढ्यासाठी फोन करायची आमची पद्धत उरली नव्हती. काहीतरी निमित्त लागतं. मग मी तिला पंप सांगितला, सहा बोल्ट सांगितले, तोंडाजवळची गळती सांगितली. सुवर्णाही सांगितली.

"एका पंपाला तासभर गरम करून बघायचं म्हटलं तर सातशे वीस क्रम कधी संपायचे?" मी म्हणालो.

"पण सातशे वीस कशाला? काही नियम असेल ना आवळायचा?"

"आहे. एक आवळला की लगेच त्याच्या बरोब्बर समोरचा आवळायचा. म्हणजे झाकण तिरकं होत नाही."

"मग मोजा ना. पहिल्याला सहा पर्याय. दुसऱ्याला एकच, कारण समोरचाच घ्यायचाय. तिसऱ्याला उरलेले चार, चौथ्याला पुन्हा एक, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. किती झाले?"

"अठ्ठेचाळीस."

"सातशे वीसचे अठ्ठेचाळीस झाले. आता सांगा, तुम्हाला अठ्ठेचाळीस तरी हवेत का? गळतं एकाच जागी. मग त्या जागेच्या बोल्टाचा नंबर कितवा लागतो एवढंच बघा. पहिला, दुसरा, तिसरा, असे सहाच प्रकार. प्रत्येकात आठ-आठ क्रम येतात, पण त्यातला एकेक घेऊन सुरुवात तर करा. मी पोरांना सांगते, मोजायला बसण्याआधी काय मोजायचंय ते ठरवा."

इतका वेळ आम्ही कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते माझ्या ध्यानात राहिलं नाही, भाताचा गोळा झाला.

"बाकी काय?" तिनं विचारलं.

"बाकी काही नाही."

आमचं बोलणं नेहमी इथं येऊन थांबतं, तसं थांबलं.

दुसऱ्या दिवशी मी इनामदार मॅडमकडे इंजिन गरम करायचं टेस्ट बेंच मागितलं. त्यांनी आधी एकदम नाही म्हटलं. मग म्हणाल्या, "जेवणाच्या सुट्टीत रिकामं असतं. तेवढं घ्या. पण मग तुमचं जेवण?"

"ते चालेल," मी म्हणालो. ते खरोखर चालण्यासारखं होतं.

मी चांगले पंप घेऊन त्यांची झाकणं काढली. गॅस्केट मुद्दाम जरा जाडसर निवडली, म्हणजे गळायचं असेल तर तासभर न थांबता पाच-सात मिनिटांतच गळेल. मग स्वतःच्या हातानं आवळायला लागलो. काही पंपांत तोंडाजवळचा बोल्ट सगळ्यात आधी, काहींत दुसरा, काहींत तिसरा, अशी सहा टोपल्यांत वाटणी केली. सुवर्णा पंप आणून द्यायची, मी आवळायचो. त्या आठवड्यात रोज दुपारी आम्ही हेच केलं. गुरुवारी ती आली नाही. मला वाटलं बरं नसेल.

शुक्रवारपर्यंत चित्र साफ झालं. तोंडाजवळचा बोल्ट दुसरा, तिसरा, चौथा, कधीही आवळा, पंप कोरडा. तोच बोल्ट सगळ्यात आधी आवळला की पंप गळायला लागे. कारणही लक्षात आलं. तोंडाजवळ धडाची भिंत पातळ आहे, गॅस्केटला बसायला जागा कमी. सुरुवातच तिथून केली की गॅस्केट तिथं जादा चेपतं. थंड असताना तग धरतं, गरम झालं की हार मानतं. म्हणूनच ड्रॉइंगमध्ये एक नंबर तोंडाच्या बरोबर विरुद्ध बाजूला दिला होता.

आता एकच प्रश्न उरला. नंबर बघून आवळणारी मुलगी तोंडाकडून सुरुवात का करत होती?

मी त्याच दुपारी गाडी काढून भोसरीला गेलो. सही करून आत शिरलो. झाकणाच्या स्टेशनवर दत्ताभाऊ होता. शेजारी एक नवी मुलगी उभी राहून शिकत होती.

"सुवर्णा कुठाय?" मी विचारलं.

"ती न्हाई येत आता," दत्ताभाऊ म्हणाला. "परवा कॉन्ट्रॅक्टरनं घरी बसवली. तुमास्नी न्हाई सांगितलं व्हय?"

मला कोण सांगणार? मी त्यांच्या यादीत कुठंच नव्हतो. पण आलोच होतो तर काम पुरं करणं भाग होतं.

"दत्ताभाऊ, जरा एक पंप आवळून दाखव."

त्यानं धड फिक्स्चरमध्ये बसवलं. फिक्स्चर म्हणजे काम करताना वस्तू हलू नये म्हणून धरून ठेवणारा साचा. वरून एक गोल लोखंडी प्लेट खाली आणली. या प्लेटला सहा भोकं, त्यांतून पाना आत जातो, आणि प्रत्येक भोकाशेजारी रंगानं एक ते सहा नंबर लिहिलेले. दत्ताभाऊचा हात भराभर चालला. पहिला बोल्ट तोंडाच्या विरुद्ध बाजूचा, दुसरा तोंडाजवळचा. अगदी ड्रॉइंगप्रमाणे.

"नंबर बघतोस का आवळताना?"

"नंबर कशाला बघायचे राव? इतकी वर्सं झाली. हाताला म्हाईत हाय सगळं."

"आणि सुवर्णा?"

"ती पोरगी लई सांगितल्यावाणी करती. येक, दोन, तीन, तोंडानं म्हणत म्हणत आवळायची. आमी हसायचो तिला."

मी वाकून प्लेट पाहिली. एक हा आकडा तोंडाच्या विरुद्ध बाजूला असायला हवा होता. तो तोंडाजवळ होता. दोन जिथं असायला हवा तिथं एक, चारच्या जागी तीन, सहाच्या जागी पाच. अख्खी प्लेट अर्धी फिरवून बसवलेली होती. सहा भोकं सारख्या अंतरावर, त्यामुळं ती कशीही बसते. आणि क्रम समोरासमोरचाच राहतो, म्हणून बघणाऱ्याला वावगंही दिसत नाही.

"दत्ताभाऊ, ही प्लेट कधी काढली होती?"

पाना खाली ठेवून त्यानं प्लेटवर हात फिरवला. अजून तिच्या कडेला हळदकुंकवाचे डाग होते.

"खंडेनवमीला," तो म्हणाला. "दरसाल काढतो. डिझेलनं धुतो, नवा रंग देतो, नंबर पुन्हा काढतो. मंग हार घालून पूजा. मीच काढली व्हती, मीच बसवली."

आमच्या पट्ट्यात ही रीतच आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अख्खं शॉप धुऊन निघतं, मशिनं चकाचक होतात, साहेबांपासून हेल्परपर्यंत सगळे पूजेला उभे राहतात, पेढे खातात. त्या दिवशी जितक्या प्रेमानं मशीन पुसलं जातं तितकं वर्षभर जात नाही. दत्ताभाऊनं रंग अगदी सुरेख दिला होता. आकडे तर छापल्यासारखे. फक्त बसवताना प्लेट अर्धी फिरली. त्याला स्वतःला ते कधी कळलंच नाही, कारण तो आकड्यांकडे बघतच नव्हता. पहिला गळका पंप चाकणला आला तो दसऱ्यानंतरच, पण ही सांगड कुणी घातली नाही.

म्हणजे आकडे न बघणारा दोषमुक्त आणि आकडे बघून इमानानं काम करणारी बाहेर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि इथं तर चोरही कुणी नव्हता.

"आता माझ्यावर येनार का सायेब?" दत्ताभाऊनं हळूच विचारलं.

"तुझ्यावर नाही. प्लेट कशीही बसते, हा प्लेटचा दोष आहे."

ते मी मनापासून म्हटलं. एक पिन मारली असती तर प्लेट एकाच बाजूनं बसली असती. पुढे तशी मारली. दत्ताभाऊनं मात्र त्या दिवशी चहा घेतला नाही.

सावंत साहेबांच्या केबिनमध्ये मी सगळं सांगितलं. ते खूश झाले.

"उत्तम काम केलंत पाटणकर. रिपोर्ट बदला. 'फिक्स्चर चुकीचं बसवलं गेलं, पिन लावली.' इनामदार मॅडमना आवडेल हे."

"आणि सुवर्णा?"

"हां. कॉन्ट्रॅक्टरला सांगतो मी. पण तिच्या जागी आता दुसरी आलीय. पुढच्या बॅचला बघू."

"साहेब, तिची चूक नव्हती."

"मी कुठं म्हणतोय होती म्हणून? मी बघतो म्हटलं ना."

कॉन्ट्रॅक्टरनं तिचा फोन नंबर द्यायला टाळाटाळ केली. मी निघोजेला तिच्या रूमवर गेलो. तिच्या बरोबरच्या एका मुलीनं दार अर्धंच उघडलं. सुवर्णा बुधवारीच गावी गेली होती. नंबर मात्र त्या मुलीनं दिला. दार लावता लावता म्हणाली, "सर, तिला सांगा, आमचं चुकलं." मी म्हणालो, तुम्हीच सांगा. पुढं तिनं सांगितलं की नाही मला ठाऊक नाही.

मी तिथंच रस्त्याच्या कडेला गाडीवर बसून फोन लावला. मागून कंटेनर जात होते, म्हणून मोठ्यानं बोलावं लागलं. प्लेट कशी फिरली होती, एकच्या जागी काय आलं होतं, सगळं सांगितलं.

"म्हणजे मी बरोबर आवळत होते," शेवटी ती म्हणाली.

"अगदी बरोबर. प्रत्येक पंप."

"सर, हे माझ्या भावाला सांगता का? मी सांगितलं तर त्याला खोटं वाटंल. त्यानं सगळ्या भावकीत सांगितलंय, कामात चुका केल्या म्हणून काढली म्हणून."

तिनं फोन भावाला दिला. मी त्याला पहिल्यापासून सांगितलं. प्लेट, सहा भोकं, नंबर. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "बरं साहेब. पण आता तिकडं पाठवायचं न्हाई आमाला. एकदा काढलं ते काढलं." मी म्हटलं, तिची काही चूक नव्हती. तो म्हणाला, "ते कळलं ना साहेब. पण मंग काढायच्या आधी का न्हाई बघितलं?" त्यानं फोन ठेवला. पुन्हा सुवर्णाकडे दिला नाही.

रिपोर्ट शनिवारी वेळेत गेला. इनामदार मॅडमनी माल थांबवला नाही. उलट मला म्हणाल्या, इतकं स्वच्छ कारण शोधलेला रिपोर्ट फार दिवसांनी वाचला. आमच्या कंपनीनं तो नव्या इंजिनिअरांना शिकवायला ठेवला. त्यात सातशे वीसचे अठ्ठेचाळीस आणि अठ्ठेचाळीसचे सहा कसे झाले तेही आहे. सुवर्णाचं नाव नाही. रिपोर्टमध्ये ऑपरेटरची नावं लिहायची पद्धत नसते. सोमवारी मी पुन्हा जाकीट घालून चाकणला बसलो आणि सगळे उठल्यावर जेवायला गेलो.

गणित शिकायचं असेल त्यांनी तो रिपोर्ट मागून घ्यावा. मला त्यातून कळलं ते त्यात नाही. आमच्यासमोर कामं दोनच होती, कारण शोधणं आणि माणूस काढणं. दोन गोष्टींचे क्रम दोनच होतात, ते मोजायला नीलालाही फोन करावा लागत नाही. आधी कारण शोधलं असतं तर दुसरं काम करावंच लागलं नसतं.